खडकीत सॅपर होताना

लष्कराच्या भरतीत मला पुण्याजवळच्या खडकीचं, म्हणजे इंजिनिअर दलातल्या बॉम्बे सॅपर्सचं सेंटर मिळालं, तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं की पोरगा आता इंजिनिअर होणार. आमच्या माण तालुक्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान पुष्कळ, पण बॉम्बे सॅपर्समध्ये काय करतात हे सांगणारा गावात कुणी नव्हता. आता भरतीची तयारी करणारी मुलं तेच विचारत माझ्याकडे येतात, म्हणून लिहितोय.

सॅपर आधी शिपाई आणि मग कारागीर. सुरुवातीला रायफल, ड्रिल, पीटी, फायरिंग. पायदळाच्या रंगरुटाला जे शिकवतात तेच. मग फील्ड इंजिनिअरिंग, म्हणजे दोराच्या गाठी, खंदक, होड्या, पूल, स्फोटकं, सुरुंग. शिवाय प्रत्येकाचा ट्रेड वेगळा, कुणी सुतार, कुणी वेल्डर, कुणी डोझर चालवणारा.

मला सगळ्यात जड गेलं ते पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरनं येई, पोहण्याइतकं कुठं साचलेलं मी पाहिलंच नव्हतं. मुळा नदीत होडी वल्हवायची म्हटल्यावर पोटात गोळा यायचा. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, ओरडत नसत, लाइफ जॅकेट घट्ट आवळून पुन्हा बसवत. पुढे चांदवडच्या दुष्काळी भागातला दत्तू भोकनळ याच सेंटरमध्ये आला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये उतरला. ती बातमी मी गावात घरोघर सांगत फिरलो.

पुलाचं काम मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडलं. बेली ब्रिज म्हणजे सुटी लोखंडी पॅनेलं जोडून उभा करायचा पूल. त्याचं एक पॅनेल दहा फूट लांब, वजन अडीचशे किलोच्या वर. सहा जण बार घालून ते उचलतात. क्रेन लागत नाही. आपल्याच काठावर रोलरवर पूल जोडत जायचा, पुढच्या टोकाला हलकं ‘नोज’ लावायचं आणि सगळ्यांनी मिळून पलीकडे ढकलायचा. मागचा भार कायम जास्त हवा, नाहीतर अख्खा सांगाडा नदीत. अंधारातही पिन अचूक बसेपर्यंत सराव चालतो. २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळल्यावर मद्रास सॅपर्सनी चूरलमलात १९० फुटांचा असाच पूल उभा केला. त्या कामाची धुरा मेजर सीता शेळके यांच्याकडे होती, त्या आपल्या पारनेर तालुक्यातल्या. टीव्हीवर ती पॅनेलं पाहताना मला पुढची प्रत्येक हालचाल आधीच कळत होती.

सुरुंगांचं शिक्षण अगदी वेगळं. पुलावर सगळा जोर आणि घाई, इथं घाईला जागाच नाही. पोटावर झोपायचं, प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई, जमिनीत तिरका घालायचा, उभा कधीच नाही, कारण सुरुंग दबतो वरून. काही टोचलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची. तपासलेल्या वाटेच्या कडेनं पांढरी फीत टाकत पुढं सरकायचं. पायदळ आणि रणगाडे मागे थांबलेले असतात. उस्ताद तेव्हा राम राघोबा राणे यांची हकिगत सांगत. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर जखमी असतानाही त्यांनी सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीर चक्र मिळालं. आम्ही त्यांच्याच ग्रुपचे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

ते शिक्षण खरं कामी आलं ऑपरेशन पराक्रममध्ये. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर पश्चिम सीमेवर सुरुंगक्षेत्रं टाकली गेली आणि नंतर ती आम्हालाच उचलायची होती. राजस्थानची वाळू एका जागी राहत नाही. टाकताना जिथं खूण केली तिथं उचलताना सुरुंग असेलच असं नाही. त्यात एम-१४ हा छोटा सुरुंग शंभरेक ग्रॅमचा, जवळजवळ सगळा प्लास्टिकचा. त्यातला धातू इतका थोडा की डिटेक्टर जेमतेम वाजतो. प्रत्येक क्षेत्राची नोंद असते, किती टाकले, कोणत्या रांगेत. जेवढे टाकले तेवढ्यांचा हिशेब लागला पाहिजे. एक जरी कमी भरला तरी पुन्हा त्याच वाळूत, त्याच गतीनं. उन्हात ते भारी संरक्षक कपडे घालून थोड्या वेळानं माणूस बदलावा लागे, कारण थकलेला हात चुकतो. या कामात आमच्या इंजिनिअर कोअरनं माणसं गमावली आहेत. ती जमीन शेतकऱ्यांची होती, त्यांना परत नांगर घालायचा होता, म्हणून आकडा जुळेपर्यंत कुणी कंटाळत नसे.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझ्या मते धावणं आणि बीम यांची तयारी मुलं करतातच, ते सांगायला मी लागत नाही. सॅपर्समध्ये जायचं मनात असेल तर मी त्यांना आधी पोहायला शिका म्हणतो. जवळ विहीर नसेल तर तालुक्याला जा, पण शिका. आणि दहावीचं गणित नीट करा, स्फोटकं किती लावायची हे अंदाजानं ठरवत नाहीत.