व्हॉट्सअ‍ॅप सोडताना मी अडलो ते एक्स्पोर्टपाशी

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची ती सूचना फोनवर आली: नव्या अटी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा. त्याच दिवशी ग्रुपांवर 'चला सिग्नलवर' (मेसेज पाठवायचं दुसरं अ‍ॅप) सुरू झालं. सिग्नल टाकायला पाच मिनिटं लागली, जुनं खातं पुसायला दोन. मधले आठ दिवस गेले ते वर्षानुवर्षांच्या गप्पा बाहेर काढण्यात. 'सोडा, सोडा' म्हणणारे सगळे होते. सोडण्याआधी काय काढून घ्यायचं, हे सांगायला कुणी नव्हतं. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

तेव्हा फिरलेले निम्मे फॉरवर्ड थापा होत्या, हेही सांगून टाकतो. घरगुती मेसेज कुणी वाचणार नव्हतं, त्यांचं एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूप) तसंच राहणार होतं. बदल होता तो दुकानं-कंपन्यांशी होणाऱ्या चॅटबाबत. फोन नंबरासारखी माहिती मालक कंपनी फेसबुककडे जायला तर २०१६ पासूनच सुरुवात झाली होती. मला खटकला तो 'मान्य करा, नाहीतर वापर बंद' हा सूर.

आता एक्स्पोर्ट, म्हणजे चॅटची फाइल करून बाहेर काढणं. चॅट उघडून वरचे तीन ठिपके, 'मोअर', 'एक्स्पोर्ट चॅट'. मग फोटो-व्हिडिओंसकट की त्यांच्याशिवाय, असा प्रश्न येतो. फोटोंसकट घेतलं तर शेवटचे १०,००० मेसेज मिळतात, त्यांच्याशिवाय ४०,०००. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज साठ मेसेज धरा (सुप्रभात धरून हा आकडा कमीच आहे), तर ४०,००० म्हणजे जेमतेम एक वर्ष दहा महिने, आणि फोटोंसकट साडेपाच महिने. त्याआधीचं फाइलमध्ये येतच नाही, आणि 'तुमचं अर्धं राहिलं' असंही कुणी सांगत नाही. म्हणून फाइल उघडून पहिल्या ओळीची तारीख बघायचीच. मी प्रत्येक महत्त्वाचं चॅट दोनदा काढलं, एकदा फोटोंसकट आणि एकदा नुसता मजकूर. त्याहून जुनं जे हवं होतं ते शोधून शोधून, एकेक मेसेज स्वतःला ईमेल केला. फोटोंसकटची फाइल ईमेलवर पाठवू नका. जीमेलची मर्यादा २५ एमबी, ती एका लग्नाच्या फोटोंत संपते. ड्राइव्हवर किंवा फोनमध्येच ठेवा.

नुसत्या मजकुराची फाइल कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी चिन्हांचा खच दिसतो. फाइल बिघडलेली नसते. उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडलं की अक्षरं जागेवर येतात. तारखांचं मात्र सांभाळा: फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर महिना आधी छापला जातो आणि ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे नंतर कळायला मार्ग नसतो. एक्स्पोर्ट करण्याआधी फोनची भाषा भारतीय इंग्रजी करून घ्या.

अँड्रॉइडवर फोटो वेगळे काढायचे तर फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सअ‍ॅपचं मीडिया फोल्डर सरळ कॉपी करा. आपण पाठवलेले फोटो आतल्या 'सेंट' नावाच्या उपफोल्डरमध्ये असतात, ते हमखास राहून जातात. या फोटोंमध्ये कॅमेऱ्याची मूळ तारीख उरलेली नसते. आयएमजी, पुढे २०२१०१०८, पुढे डब्ल्यूए ००१२ असं नाव असतं, आणि तारखेचा पुरावा म्हणून एवढंच. त्यामुळे हौसेनं 'आत्याची पंचाहत्तरी १' अशी नावं देत सुटू नका. व्हॉइस नोट्स तर आठवड्यांच्या फोल्डरांत पडलेल्या असतात: २०२१०२ म्हणजे २०२१ चा दुसरा आठवडा. कुणाचा आवाज आहे हे नावात नसतं, ऐकूनच ओळखायचं. मी सगळ्यात जास्त वेळ यातच घालवला, आणि एकाही तासाचा पश्चात्ताप नाही.

बॅकअपची फाइल जपून ठेवली म्हणजे झालं, असं समजू नका. ती कुलूपबंद असते आणि किल्ली अ‍ॅपच्या आत. खातं गेलं की ती नुसतं ओझं.

सिग्नलचं थोडक्यात. त्या आठवड्यात गर्दीमुळे ओटीपी उशिरा येत होते आणि १५ जानेवारीला सिग्नल जवळपास दिवसभर बंदच पडलं. पुन्हा पुन्हा कोड मागत बसण्यापेक्षा रात्री करणं बरं होतं. पिन ठरवायला सांगतात तो कागदावर लिहा. अँड्रॉइडवर बॅकअप सुरू केला की तेव्हा ३० आकडे दाखवायचे. ते हरवले तर बॅकअप उघडत नसे. ग्रुपची लिंक करा आणि 'काका, हिच्यावर नुसतं बोट ठेवा' म्हणून एसएमएसनं पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकली तर ती सुप्रभातखाली गाडली जाते. जुन्या गप्पा सिग्नलमध्ये आणता येत नाहीत. टेलिग्रामनं ती सोय जानेवारीअखेर दिली, पण तिथल्या ग्रुपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही, मग घर बदलून मिळवलं काय?

हे आधी सांगायला हवं होतं: सेटिंग्जमध्ये 'रिक्वेस्ट अकाउंट इन्फो' पहिल्याच दिवशी दाबा. अहवाल यायला तीनेक दिवस लागतात आणि मध्येच खातं पुसलंत तर ती मागणीच रद्द होते. त्यात मेसेज नसतात, आपली नोंदलेली माहिती असते.

खातं पुसण्याआधी तुम्ही ज्या ग्रुपचे एकटे अ‍ॅडमिन असाल तिथे दुसरा माणूस नेमा. नाहीतर अ‍ॅप आपणच कुणाला तरी नेमतं, आणि तो नेमका कोण निघेल ते तुम्हालाही ठाऊक आहे. अ‍ॅप नुसतं अनइन्स्टॉल केलं तर खातं चालूच राहतं. लोक मेसेज टाकत राहतात, त्यांना एकच टिक दिसते आणि 'हल्ली उत्तर देत नाही' अशी तक्रार घरात पोचते. 'सेटिंग्ज, अकाउंट, डिलीट माय अकाउंट' या वाटेनंच जा. त्यानं ग्रुप सुटतात, फोनवरचे मेसेज जातात आणि गूगल ड्राइव्हवरचा बॅकअपही जातो.

पुढे ती मुदत १५ मेपर्यंत लांबली. ग्रुपमधले निम्मे तोवर परतलेही होते. व्हॉइस नोट्सची फोल्डरं मात्र मी दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहेत, एक माझ्याकडे, एक आत्याकडे.