आहुपेच्या रानात, मान खाली घालून

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आंबेगाव तालुक्यातल्या आहुपेला जाऊन आलो. मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेने वर, थेट सह्याद्रीच्या कड्यापर्यंत. आम्हाला बघायचा होता रानाचा तळ, म्हणजे मोठ्या झाडांखाली काय उगवतं आणि ते जागोजागी का बदलतं.

बदल गाडीतूनच दिसायला लागतो. घोडेगावच्या अंगाला पाऊस बेताचा, झाडी पानझडी, खाली गवत. कड्याकडे सरकत जावं तसा पाऊस वाढतो आणि झाडी दाट हिरवी होते. पण वर पोचल्यावर पाऊस सगळीकडे सारखाच, तरी तळ वेगवेगळा. तो फरक बराचसा माणसाच्या हाताचा.

सोबत चार मीटर सुतळी न्यावी. तिचा मीटरभर बाजूचा चौकोन मांडून बसलं की नजर आपोआप खाली राहते.

पहिला चौकोन भैरवनाथाच्या देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, पायवाटेला लागून. कुजत्या पानांच्या थरात बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. त्यातून वर आलेली अंजनीची, जांभळाची वीतभर रोपं. काहींना अजून दोनच पानं. कडेला नेचे आणि सापकांद्याच्या फळांचं लालभडक कणीस. वाट दाखवायला आलेल्या मामांना विचारलं, “इथली वाळकी काटकी तरी नेता का?” “नाय ओ, देवाचंय ते.” पडलेलं खोडही तिथंच कुजतं, ओल धरून ठेवतं.

दुसरा चौकोन गावाजवळच्या हिरड्यांखाली. इथे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, दरवर्षी टहाळ (पानांसकट फांद्या) तोडतात, गुरं चरतात, ऊन जमिनीपर्यंत येतं. तेरडा, कवला, तऱ्हेतऱ्हेची गवतं, करवंद. मोजल्यावर जाती देवराईपेक्षा जास्त भरल्या! मी गोंधळलो. मग लक्षात आलं, की डोक्यावरच्या झाडाचं रोप पायाखाली जवळजवळ नाहीच. हिरड्याचं एकच सापडलं, तेही शेंडा खुडलेलं. बाळहिरडा कोवळाच उतरवतात, मग पिकून खाली पडायला बी कितीसं उरणार? हिरडा हे इथल्या महादेव कोळी घरांचं रोख उत्पन्न आहे, त्यामुळे दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण जातींच्या नुसत्या आकड्यावरून रान ठीक आहे असं ठरवू नका. आधी रोपं शोधा.

तिसरीकडे, उतारावर, कारवी या झुडपाची गच्च जाळी. तिच्या सावलीत फारसं काही रुजत नाही. ती सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, मरते, आणि तेव्हा तळाला ऊन मिळतं. तिच्याच काठ्यांचे कूड, म्हणजे भिंती, इथल्या काही घरांना असतात.

जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्या आणि लांब पँट घालावी, झुडपात हात घालण्याआधी काठीने हलवून बघावं. चापडा हा हिरवा विषारी साप पानांत दिसत नाही. एसटी मोजक्याच, म्हणून परतीची वेळ घोडेगाव स्थानकात विचारूनच निघा. फोनला रेंज धरून चालू नका. देवराईत जाण्याआधी गावात विचारा, देवळाजवळ चपला काढा, वाट सोडू नका. आमच्यातल्या एकाचा पाय वाटेबाहेर पडला आणि तीन रोपं मोडली, त्याची हळहळ दिवसभर राहिली.

अन्य एका गावात मी देवराईचा तळ ‘साफ’ केलेला पाहिला आहे. देवळाभोवती फरशी, झुडपं कापलेली, पालापाचोळा जाळलेला. मोठी झाडं तशीच उभी होती, म्हणून कुणाला काही गेल्यासारखं वाटलं नाही. त्यांच्याखाली मला एकही रोप दिसलं नाही. तुमच्या गावात असा बेत ठरत असेल, तर कृपा करून पाचोळा राहू द्या एवढं तरी सांगा.

एकच फेरी जमणार असेल तर सप्टेंबर गाठा. दोन जमत असतील तर दुसरी फेब्रुवारीत, त्याच जागी. सापकांद्याचा तेव्हा जमिनीखालचा कंदच उरलेला असेल, तेरडा वाळलेला. अंजनीची रोपं मात्र तशीच हिरवी भेटायला हवीत. मी ती मोजून वहीत मांडली आहेत.