तुम्ही विचारलंत म्हणून: मासा घटला हे कळायला डीएनए कशाला?

"मासा घटलाय हे पैठणचा कुठलाही भोई सांगेल, त्यासाठी डीएनए कशाला तपासता?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात.

घटलाय हे कळायला डीएनए लागत नाही, कबूल. पंचाईत वेगळीच आहे. मूळचा मासा घटलेला असतो आणि वजनकाट्यावर ते दिसत नाही. धरणात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडतात, चिलापी तर न सोडताही वाढते. जाळं जड लागतं. पण कटला-रोहू मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. गोदावरीचं आपलं काय उरलं, हे किलोत मोजता येत नाही.

२०१६च्या दुष्काळात नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, मृतसाठ्यावर गेला होता. अशा वेळी उरल्यासुरल्या डोहात जे मासे तगतात, तेच पुढच्या पिढ्यांचे आईबाप. पाऊस झाला, धरण भरलं, की संख्या लवकर सावरते, कारण एकेक मादी लाखांनी अंडी घालते. गावात माणसं हजार, पण सगळी एकाच वाड्यातल्या चार भावंडांची लेकरं, तशी ती गर्दी. डीएनएत हे पकडता येतं. जनुकांची दुर्मीळ रूपं आधी गळतात, सर्रास आढळणारी टिकतात. त्यावरून वीण किती आईबापांची, याचा अंदाज बांधता येतो.

नमुन्याला परांचा नखाएवढा तुकडा पुरतो, तो अल्कोहोलात टाकायचा आणि मासा परत पाण्यात. "अहो सर, अख्खा मासा सोडून शेपटाचा तुकडा घेऊन काय करू ऱ्हायले?" हे ऐकून घ्यावं लागतं. त्या तुकड्यांवरून आणखी एक कळतं. जायकवाडीच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल असे बंधारे आहेत, मग नांदेडचं विष्णुपुरी. वरचा आणि खालचा मासा अजून एकमेकांत मिसळतो का, की प्रत्येक तुकड्यात वेगळा कोंडलाय?

कावेरीचं उदाहरण मी हटकून देतो. तिथं लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेले निळ्या परांचे महसीर सोडले गेले, हेतू चांगलाच होता. गळाला लागणारे महसीर वाढत गेले, सगळे खूश. पण त्यात कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर कमी कमी होत होता. त्याला धड शास्त्रीय नावसुद्धा लावलेलं नव्हतं. शरीररचना आणि डीएनए जुळवून २०१८ साली तो 'टॉर रेमादेवी' म्हणून ओळखला गेला, आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. निळ्या परांचा महसीर, 'टॉर खुद्री', याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आपल्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून झालं. इथला भला मासा तिथं उपरा ठरला.

डीएनएनं पाणी येत नाही, हेही पंगतीत सांगून टाकतो. दुष्काळ, वाळूउपसा, अंड्यांच्या दिवसांत टाकलेली बारीक आसाची जाळी, यांचा बंदोबस्त वेगळाच करावा लागेल. पण मत्स्यबीज सोडण्याआधी एक गोष्ट विचारणं आजही शक्य आहे, आणि त्याला प्रयोगशाळाही लागत नाही. बीज केंद्रात गेलो की मी विचारतो, या जिऱ्यांसाठी, म्हणजे अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लांसाठी, नर-माद्या किती वापरल्या आणि त्या कुठल्या नदीतल्या? किती लाख जिरे निघाले ते लगेच सांगतात. आईबापांचा रकाना वहीत नसतोच.