‘तू काय आमिश आहेस?’ : पगारातून कापलेले २,७५४ डॉलर परत मिळवताना

२०१९ साली पुण्यात पहिली नोकरी लागली, तेव्हा जॉइनिंगच्या दिवशी एचआरने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. त्यात फॉर्म ११ होता. बेसिक १५,००० च्या वर असेल आणि आधी कधी पीएफचं खातं नसेल, तर पीएफ नको म्हणता येतं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. माझं बेसिक २२,००० होतं. हातात चार पैसे जास्त येतील म्हणून मी पीएफ नको अशी खूण करून मोकळा झालो. संध्याकाळी फोनवर सांगितलं आणि बाबा आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांची अख्खी नोकरी कुपवाड एमआयडीसीत गेली, आमच्या घराचा स्लॅब पीएफच्या ॲडव्हान्समधून पडला. पीएफ नको म्हणणारा आमच्या घरात मीच पहिला.

त्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत मी त्यांना सांगितलं की इथं अमेरिकेत पगारातून म्हातारपणासाठी कापलेले पैसे मी परत मागतोय, तेव्हा पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला. “परत तेच का रे?”

ते ‘तेच’ नव्हतं. पण फरक समजायला मलाही महिना लागला, आणि तो समजला नसता तर पैसेही मिळाले नसते.

मी ऑगस्ट २०२१ मध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पेन्सिल्वेनियात एमएसला आलो. मे २०२३ मध्ये पदवी झाली, जुलैत ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर त्याच व्हिसावर काही काळ काम करायच्या परवानगीवर, तिथल्याच लँकेस्टरच्या एका छोट्या कंपनीत लागलो. परदेशी विद्यार्थी घेण्याची त्यांची पहिलीच वेळ. पगार वर्षाला ७८,००० डॉलर, दर दोन आठवड्यांनी हातात चिठ्ठी ३,००० ची. त्यातून इन्कम टॅक्स जायचा तो जायचाच, शिवाय दोन ओळी असायच्या : सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं सरकारी पेन्शन) १८६ डॉलर, मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) ४३ डॉलर ५० सेंट. म्हणजे ६.२ टक्के आणि १.४५ टक्के. मी त्या ओळी बघायचो आणि पुढे जायचो. सगळ्यांचेच कापतात, आपलेही कापले. तेवढीच रक्कम कंपनी आपल्या खिशातून भरते हे कळल्यावर तर मला उलट बरंच वाटलं होतं. पीएफसारखंच आहे की!

जानेवारीअखेर डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला, आला. तो घेऊन मी विद्यापीठात गेलो, कारण तिथं जुन्या विद्यार्थ्यांनाही रिटर्न भरायला मदत करतात. टेबलामागे एक निवृत्त अकाउंटंट बाई स्वयंसेवक म्हणून बसल्या होत्या. त्यांनी माझा आय-२०, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला कागद, बघितला, डब्ल्यू-२ बघितला, चौथ्या चौकोनावर पेनाचं टोक टेकवलं. तिथं २,२३२ लिहिलं होतं. मग सहाव्या चौकोनावर : ५२२. “हे कोणी कापलं?” असं त्यांनी विचारलं, ते अशा सुरात की जणू माझं पाकीट कोणी मारलंय.

नियम असा आहे. एफ-१ वर असलेला विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरता ‘अनिवासी’ धरला जातो. अनिवासी असताना त्या व्हिसाच्या हेतूला धरून केलेली नोकरी, म्हणजे ओपीटीसुद्धा, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या कायद्यात ‘नोकरी’ या शब्दातच मोडत नाही. करसंहितेचं कलम ३१२१, त्यातलं (बी)(१९). यातलं ‘कॅलेंडर वर्ष’ नीट वाचायचं. माझं २०२१ हे ऑगस्टपासूनचं, तरी ते पूर्ण एक वर्ष मोजलं जातं. म्हणून माझी पाच वर्षं २०२५ च्या डिसेंबरला संपणार होती. माझा रूममेट नागपूरचा, तो ऑगस्ट २०१८ मध्ये बॅचलर्सला आला होता. त्याची पाच वर्षं २०२२ लाच संपली. दोघेही ओपीटीवर, दोघांचं कार्ड सारखं दिसणारं, आणि २०२३ मध्ये त्याच्याकडून कापणं बरोबर, माझ्याकडून चूक. तो अजूनही यावरून कुरकुरतो.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पेरोल सांभाळणाऱ्या बाईंकडे गेलो. साठीच्या, कडक, मनाने चांगल्या. मी तोंड उघडलं ते नेमकं चुकीच्या शब्दाने. म्हणालो, मला सोशल सिक्युरिटीतून ऑप्ट आऊट करायचंय. त्या हसल्या. खरंच हसल्या. “इथं कोणालाही ऑप्ट आऊट करता येत नाही. आलं असतं तर मीच पहिली केलं असतं. फक्त आमिश लोकांना सूट आहे. तू काय आमिश आहेस?”

आमिश म्हणजे मोटारगाडी न ठेवता जुन्या चालीने राहणारा ख्रिस्ती पंथ. लँकेस्टरमध्ये हा विनोद नाही, रोजचा विषय आहे. ऑफिसला जाताना घोड्याची बग्गी पुढे असली तर आपण दहा मिनिटं उशिरा पोचतो. माझी मागणी राहिली बाजूला, त्या रात्री मी आमिश लोकांबद्दलच वाचत बसलो. १९६१ च्या वसंतात पश्चिम पेन्सिल्वेनियातल्या व्हॅलेंटाइन बायलर नावाच्या आमिश शेतकऱ्याने हा कर भरायला नकार दिला. म्हाताऱ्यांना आपला समाज सांभाळतो, सरकारचा विमा घेणं आमच्या श्रद्धेत बसत नाही, असं त्याचं म्हणणं. तो नांगरत असताना करखात्याची माणसं शेतात आली आणि तीन घोड्या सोडून घेऊन गेली. देशभर बोंब झाली. १९६५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अशा पंथांना सूट दिली, पण अटी बघा : पंथ ३१ डिसेंबर १९५० पासून सलग अस्तित्वात हवा, आपल्या माणसांना सांभाळत आलेला हवा, आणि फॉर्म ४०२९ भरणाऱ्याने पुढचे सगळे लाभ सोडायचे. शिवाय ही सूट तेव्हा स्वतःचा धंदा करणाऱ्यालाच होती. एडविन ली नावाच्या आमिश सुताराने आपल्या आमिश कामगारांसाठीही हीच सूट मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८२ मध्ये तो हरला. मग १९८८ मध्ये कायदा बदलला : मालक आणि कामगार दोघेही त्याच श्रद्धेचे असतील तर दोघांनाही सूट. म्हणजे आजही एखादा आमिश पोरगा बिगर-आमिश मालकाच्या गोदामात कामाला लागला तर त्याचे ७.६५ टक्के जातातच.

पाद्रींसाठी फॉर्म ४३६१ आहे, तोही श्रद्धेच्या कारणावरच. टेक्सासमधले बरेच शाळामास्तर सोशल सिक्युरिटी भरत नाहीत, पण त्यांचा राज्याचा वेगळा पेन्शन फंड आहे आणि तो निर्णय त्यांच्या शाळांचा, मास्तरांचा नाही. टेक्सासच्याच गॅल्व्हस्टन काउंटीने १९८१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना सोशल सिक्युरिटीतून बाहेर काढलं, आणि १९८३ मध्ये काँग्रेसने ती वाटच बुजवली. हे सगळं वाचून पहाटे दोन वाजता मला कळलं की पेरोलच्या बाई बरोबर होत्या. साध्या कामगाराला नको म्हणायची सोय नाही. फॉर्म ११ सारखा चौकोन इथं नाहीच. चूक माझ्या शब्दांत होती. मला नको म्हणायचंच नव्हतं, मी त्या यादीत नव्हतोच. पंगतीत बसून लाडू नको म्हणणं वेगळं आणि आमंत्रणच नसताना आहेराचं पाकीट काढून घेतलेलं असणं वेगळं.

सोमवारी मी परत गेलो. या वेळी करखात्याच्या प्रकाशन ५१९ मधली पानं छापून नेली आणि ऑप्ट आऊट हा शब्द तोंडातून काढला नाही. एवढंच म्हणालो की कापणं चुकून झालंय, आणि माझ्याइतकेच कंपनीचेही अडकलेत. हे वाक्य लागू पडलं. त्यांनी चष्मा लावला, पानं वाचली, बाहेरच्या पेरोल कंपनीला फोन लावला. मार्चपासून कपात थांबली आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या चार चिठ्ठ्यांचे ९१८ डॉलर पुढच्याच पगारात आले. चालू वर्षाची दुरुस्ती सोपी असते.

२०२३ चं मात्र घोडं अडलं. मागच्या वर्षासाठी कंपनीने ९४१-एक्स, म्हणजे पगारावरच्या कपातीचं सुधारित विवरणपत्र, भरायचं, मला दुरुस्त डब्ल्यू-२ द्यायचा. पेरोल कंपनी त्याचे वेगळे पैसे मागत होती आणि आमच्या मालकांनी नकाराची मान हलवली. स्वतःचे २,७५४ डॉलर सोडायला तयार, पण फी भरायला नाही! हा हिशेब मला आजही कळलेला नाही. मी भांडलो नाही. व्हिसावरचा माणूस किती भांडणार?

कायद्यात यासाठीही वाट आहे. कंपनीने परत दिले नाहीत तर फॉर्म ८४३ आणि त्याच्या जोडीला फॉर्म ८३१६ भरून थेट करखात्याकडे मागायचे. फॉर्म छोटे आहेत, घाम जोडपत्रांना फुटतो. डब्ल्यू-२ ची प्रत, पासपोर्टवरच्या व्हिसाची प्रत, आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), आय-२०, ओपीटीचं कार्ड आणि कंपनीचं पत्र की आम्ही परत दिलेले नाहीत आणि देणार नाही. पत्र मिळालं नाही तर ते का मिळालं नाही हे स्वतः लिहून द्यायचं, पण पत्र असेल तर काम सरळ होतं. पेरोलच्या बाईंनी दोन ओळींचं पत्र मालकांना न विचारता लेटरहेडवर छापून दिलं. “हे माझ्याकडून,” म्हणाल्या.

यात दोन खड्डे आहेत, आणि ओळखीतले लोक त्यात पडलेत. एक म्हणजे हा अर्ज रिटर्नसोबत जोडून पाठवायचा नाही, तो वेगळा जातो, यूटामधल्या ऑग्डेनला. दुसरा मोठा : रिटर्न १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचा, हाच भरलेला हवा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये साधा १०४० भरला जातो, त्यात जास्त वजावट दिसते म्हणून मंडळी खूश होतात. पण साधा १०४० म्हणजे मी निवासी आहे अशी स्वतःच्या सहीची कबुली. मग कोणत्या तोंडाने म्हणणार की मी अनिवासी, माझे पैसे द्या? मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, त्यामुळे मागच्या वर्षांचं अजून काढता येतं.

एप्रिलमध्ये पाकीट पोस्टात टाकलं. जुलैत पत्र आलं, आणखी ६० दिवस लागतील. सप्टेंबरमध्ये तेच पत्र पुन्हा, फक्त तारीख वेगळी. फोन केला की तासभर संगीत ऐकायचं आणि शेवटी ‘प्रक्रिया सुरू आहे’. या बाबतीत सांगलीचं ट्रेझरी ऑफिस आणि अमेरिकेची ट्रेझरी सख्ख्या बहिणी. डिसेंबरमध्ये चेक आला. २,७५४ आणि वर थोडं व्याज. रुपयांत सव्वादोन लाखांच्या वर.

बाबांना फोन केला. “मिळाले? सगळे?” त्यांना खरंच आनंद झाला, आणि लगेच शंका आली. “पण मग तिथलं तुझं पेन्शन?”

त्यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. सोशल सिक्युरिटीत माझ्या नावाचं खातं, त्यात साठलेली रक्कम, पासबुक असलं काही नसतं. आजचे कामगार भरतात, आजच्या म्हाताऱ्यांना मिळतं. माझ्या नावावर फक्त क्रेडिट्स लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, आणि निवृत्तीवेतनाचा हक्क मिळायला चाळीस लागतात. ओपीटीच्या काळाची क्रेडिट्स मला मिळणार नाहीत, कारण मी त्या काळात त्या कायद्यात नव्हतोच. आणि भारत-अमेरिका यांच्यात वर्षं जोडून घेण्याचा करार नाही, त्यामुळे सहा-सात वर्षं भरून परत गेलेल्या माणसाचे पैसे गेले ते गेलेच. पीएफसारखा काढायचा फॉर्म नाही. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे तेव्हा घेतलेस ते बरंच केलंस.” २०१९ नंतर पहिल्यांदा त्यांनी या विषयात माझी बाजू घेतली.

१ ऑक्टोबर २०२५ ला माझा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, सुरू झाला. त्या दिवसापासून सूट संपली, पाच वर्षं पूर्ण व्हायची असोत वा नसोत. सकाळी पेरोलच्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या. “आता कापू ना? की अजून आमिशच आहेस?”

कापा म्हणालो. पुढच्या चिठ्ठीत त्या दोन ओळी परत आल्या. २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई लागत होती, म्हणजे ७,२४० मध्ये वर्षाची चारही क्रेडिट्स. ती माझी तीन महिन्यांच्या पगारात झाली. बाबांना सांगितलं तर त्यांनी तिकडे लगेच वजाबाकी केली.

“छत्तीस राहिली,” ते म्हणाले. “नऊ वर्षं. तोवर परत येणार नाहीस म्हणजे.”

मी म्हणालो, बघू.