तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिका किती तासांवर?

मुलगी न्यू जर्सीत, मी साताऱ्यात. चार वाऱ्या झाल्या, तरी मंडईत नाहीतर देवळात कुणीतरी विचारतंच, "बाई, किती तास लागतात हो? आणि जाताना जास्त, येताना कमी, ते पृथ्वी फिरते म्हणून का?" जन्मभर भूगोल शिकवला आहे, तर नीट सांगते.

मुंबई ते न्यूअर्क (न्यू जर्सीतलं, न्यूयॉर्कजवळचं शहर) अंतर सुमारे 12,550 किलोमीटर. थेट विमानाला जाताना 16 तासांच्या आसपास, येताना 14 ते 15.

हे अंतर भिंतीवरच्या नकाशात मोजू नका. तिथे पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. माझ्याकडे शाळेतला 30 सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आहे. त्यावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला, की तो आपोआप उत्तरेला सरकतो: अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा. दोरा भरतो साडेएकोणतीस सेंटीमीटर, फूटपट्टीपेक्षा किंचित कमी. वर्गात हे दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे यायची.

विमान मात्र नेहमी दोऱ्यावरून जाऊ शकत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि कित्येक विमानांना लांबचा वळसा पडला.

आता पृथ्वी फिरण्याचं. ती फिरते, पण तिच्याबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. त्यामुळे न्यूयॉर्क काही विमानाखाली सरकत येत नाही. फरक पाडतो तो वारा. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. येताना तो पाठीशी असतो, जाताना नाकासमोर. एअर इंडियाने 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजारभर किलोमीटरहून जास्त लांबली, तरी पूर्वेकडे जाताना हा वारा पाठीशी मिळाल्यामुळे वेळ वाचला. मला हे उदाहरण फार आवडतं.

लोक फसतात ते घड्याळात. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. समजा जानेवारीत रात्री दीडला मुंबई सोडली आणि 16 तास उडालात, तर तिथे उतरताना त्याच दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात. घड्याळाने साडेपाच तास, शरीराने 16. परतताना दुपारी बाराला निघून साडेचौदा तासांनी उतरा, इथे दुसऱ्या दिवशीचा दुपारचा एक.

हे मी एवढं घोळून सांगते त्याला कारण आहे. पहिल्या खेपेला "रात्रीची गोळी" म्हणून मी तिथली रात्र होईपर्यंत थांबले, आणि दोन गोळ्यांमध्ये दीड दिवसाचं अंतर पडलं. चक्कर आली, मुलगी घाबरली. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू पहिल्यांदा निघाल्या, तेव्हा डॉक्टरांना विचारून त्यांच्या बीपीच्या पाकिटावर मी पेनाने लिहून दिलं: 'विमानात बसल्यापासून 8 तासांनी'. आणि मुंबईची वेळ दाखवणारं मनगटी घड्याळ उतरेपर्यंत बदलू नका म्हणून बजावलं.