चवथ ते नाताळ: सिल्कसाँगचा शेवट, योतेईची फिरती डिस्क आणि तिसरा गेम कुठला?

मंडळी, मागची नोंद चवथीच्या आधीची. तेव्हा ठरवलं होतं की वर्ष संपेपर्यंत तीनच व्हिडिओ गेम घ्यायचे आणि एक संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. आज १४ डिसेंबर २०२५. दोन घेतले, त्यातला एक पूर्ण झाला. तिसऱ्यावरून आमच्या चौघांत (मी, बहीण आणि डिचोलीवाला, मडगावकर हे दोन मित्र) पंधरा दिवस वाद चालू आहे. सेल तोंडावर आलाय आणि तुमच्यातले बरेच जण याच कोड्यात असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सिल्कसाँग.

४ सप्टेंबर, गुरुवार. मामाकडे नऊ दिवसांचा गणपती, विसर्जन नेमकं त्याच संध्याकाळी. गेम आपल्याकडे ७.३० वाजता येणार होता. आरती झाली, मूर्ती पाण्यात गेली, ओल्या कपड्यांनी घरी पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तोवर साखळी गावच्या मित्राचे सात मेसेज येऊन पडलेले: दुकानाचं पान उघडत नाही, पैसे भरायला गेलं की अडकतं. जगभरातून गर्दीच तशी उसळली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेला गेम, साडेसहा वर्षं लोक ताटकळत होते. मला तो रात्री साडेदहाला मिळाला. फक्त ८ जीबी लागतात, त्यामुळे फोंड्याच्या आमच्या नेटवरही जेवण होईपर्यंत उतरला.

ज्यांनी अजून घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. टीम चेरी हा ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडिलेडचा अगदी मोजक्या माणसांचा गट. २०१७ च्या हॉलो नाइटला पुरवणी म्हणून हॉर्नेट हे पात्र खेळायला द्यायचं, एवढाच मूळ बेत होता. तो वाढत वाढत स्वतंत्र गेम झाला. आणि किंमत ठेवली २० डॉलर. मोठ्या कंपन्या ७० डॉलर मागतात त्या काळात ही किंमत. मला या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

पण गेम कठीण आहे, हे स्पष्ट सांगतो. सुरुवातीला पाच मुखवट्यांएवढा जीव असतो आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन मुखवटे उडवतात. म्हणजे तिसऱ्या चुकीला खेळ खलास. जखम भरून काढायला रेशीम लागतं, रेशीम मिळवायला शत्रूला मारावं लागतं. त्यामुळे लांब पळून, निवांत जीव भरून परत यायचं, हा हॉलो नाइटचा जुना हिशेब इथे चालत नाही. भिडावंच लागतं. पहिले दहा तास मी जुन्याच सवयीने खेळलो आणि मार खाल्ला.

खाली मारायचा वार हेही एक प्रकरण. क्रेस्ट म्हणजे लढायची पद्धत बदलणारं चिन्ह. सुरुवातीच्या हंटर क्रेस्टमध्ये हॉर्नेट सरळ खाली न मारता तिरकी झेपावते. हॉलो नाइट खेळून हात बसलेल्यांना हे फार छळतं. वाँडरर क्रेस्ट मिळाली की वार सरळ खाली जातो, अगदी जुन्यासारखा. आमच्या डिचोलीवाल्याने ती मिळाल्याबरोबर लावली आणि पुन्हा काढलीच नाही. मी मात्र हट्टाने तिरक्या वारावर हात बसवला. बाराव्या-तेराव्या तासाच्या आसपास एका संध्याकाळी तो आपोआप बसला. मी विचार करणं थांबवलं आणि बोटं चालू लागली.

लास्ट जजकडे माझी १९ दिवसांची वाट अडली. हा गेममधल्या सिटाडेल या गडाच्या दारावरचा राखणदार, हातात जळतं धुपाटणं, ते साखळीला बांधून फिरवतो. त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ताच जीव घेतो: वारा, कडे, वाळूतून उसळणारे किडे. वेर्ण्याची शिफ्ट करून घरी आलो की रोज पाऊण तास एवढीच वेळ हातात, म्हणजे फार तर सहा-सात प्रयत्न. पहिल्याच आठवड्यात आलेल्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या दुरुस्तीत, वाळूतल्या त्या किड्यांचा फटका कमी केला, तेव्हा रस्ता जरा सोपा झाला. पण जज तो जजच.

आणि मग लक्षात आलं की निम्मा दोष कंट्रोलरचा होता. बाकावर हॉर्नेटला बसवून पाणी प्यायला उठलो. परत येऊन तिला बाकावरून उठवलं, कंट्रोलरला हात न लावता बघत राहिलो, तर ती एकटीच डावीकडे चालत निघाली. अगदी हळू, पण चालत होती. स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरची दिशा द्यायची दांडी, आपोआप सरकत होती. दांडीखाली कार्बनची एक बारीक पट्टी असते आणि तिच्यावर एक छोटी पत्ती घासत राहते. त्यावरून कंट्रोलरला दिशा कळते. पट्टी झिजली किंवा तिच्यावर मळ बसला की आकडा चुकतो. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे या पट्टीचं काय होत असेल! कंट्रोलर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकले, दांडी सगळ्या बाजूंनी शंभरेक वेळा फिरवली. पंधरा दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. शेवटी म्हापशातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून हॉल इफेक्ट स्टिक बसवून घेतल्या. त्यात चुंबकाने दिशा कळते, काही घासतच नाही, म्हणून तशी झीजही होत नाही. नवा कंट्रोलर घेण्यापेक्षा हे खूपच स्वस्त पडलं. आणि तोपर्यंत सिल्कसाँग चार बाणांच्या बटनांवर खेळलो, ते तर मला स्टिकपेक्षा जास्त आवडलं. आजही तसंच खेळतो.

लास्ट जज पडला २८ सप्टेंबरला, रविवारी दुपारी. एक इशारा: तो मरताना स्फोट होतो. जिंकलो म्हणून जवळ उभे राहू नका. मी एका मुखवट्यावर होतो, आणि साखळीवाल्याने आदल्याच दिवशी हे सांगून ठेवलं होतं म्हणून वाचलो. बहीण स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं काहीतरी पडलं.

पुढचं भराभर सांगतो. बाइलवॉटर हा भाग मला अजिबात आवडला नाही, तिथले दोन आठवडे निव्वळ चिकाटीने काढले. शेवट नोव्हेंबरच्या २३ तारखेला. एकूण ६८ तास. तिसरा अंक अजून शिल्लक आहे, पण नियमाप्रमाणे पहिला शेवट बघितला की गेम पूर्ण धरायचा.

आता दुसरा गेम: घोस्ट ऑफ योतेई. हा माझ्या एकट्याचा नाही. २ ऑक्टोबरला आला, यंदा त्याच दिवशी दसरा होता. पीएस५ (प्लेस्टेशन ५ हा कन्सोल) दोन ठिकाणी, मडगावकराकडे आणि आमच्या घरी मोठ्या भावाकडे. आम्ही चौघांनी समान वर्गणी काढून डिस्क घेतली. डिजिटल घेतला असता तर एकाच खात्यात अडकून राहिला असता. डिस्क आधी मडगावात तीन आठवडे, मग फोंड्यात आमच्याकडे. मध्ये दिवाळी आली आणि नरकासुराच्या कामात पोरांसोबत आम्हीही अडकलो, त्यामुळे मडगावकराला एक आठवडा जास्तीचा मिळाला. संपल्यावर विकली तरी बरेच पैसे परत येतील. ज्यांच्याकडे डिस्कवाला कन्सोल आहे त्यांनी महागडे गेम असेच घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

गेम म्हणाल तर १६०३ सालचा एझो, म्हणजे आजचं होक्काइडो. आत्सू आपल्या घरच्यांच्या मारेकऱ्यांना शोधत फिरते. पडद्यावर बाण-नकाशे कमी, वारा वाहतो त्या दिशेने जायचं. मी अजून अर्ध्यातच आहे, कारण पुष्कळदा घोडा थांबवून नुसता गवताकडे बघत बसतो. आईने एकदा बाजूला बसून पाहिलं आणि विचारलं, "हे खरंच कुठलं गाव आहे?" आत्सू शामिसेन वाजवते तेव्हा आई हातातलं काम थांबवते.

आता मुद्द्याचं, तिसरा गेम. आमच्यात दोन गट आहेत.

डिचोलीवाला आणि बहीण म्हणतात हेडीस २. पूर्ण स्वरूपात २५ सप्टेंबरला आला. त्यांचा मुद्दा खोटा नाही. एक फेरी साधारण अर्ध्या-पाऊण तासाची, मध्येच लाइट गेली किंवा कोणी हाक मारली तर त्याच दालनापासून पुढे चालू करता येतो. कामावर जाणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय? साध्या लॅपटॉपवरही चालतो.

मडगावकर आणि मी म्हणतो क्लेर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३. एप्रिलमध्ये आला, फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सँडफॉलचा, गाभ्याला सुमारे ३० माणसं. गेल्या शुक्रवारी सकाळी गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम तोच ठरला, एकूण नऊ पुरस्कार. पण मी पुरस्कारासाठी म्हणत नाही. त्याची कल्पनाच अशी आहे: एका मोठ्या स्तंभावर दर वर्षी एक आकडा रंगवला जातो आणि त्या वयाची माणसं नाहीशी होतात. दर वर्षी आकडा एकाने कमी. मी स्वतः ३३ चा आहे. पहिला तासभर मडगावकराकडे खेळलो आणि बोलायचं थांबलो.

तिथेच एक गोष्ट शिकलो, ती सगळ्यांच्या कामाची. हल्ला पाळीपाळीने, पण शत्रूचा वार परतवायला नेमक्या क्षणी बटन दाबावं लागतं. मडगावकराच्या मोठ्या टीव्हीवर मला एकही वार परतवता येईना. चुकवणं जमायचं, कारण त्याला वेळ जरा जास्त मिळतो, पण परतवणं शून्य. आवाज ऐकून दाबलं, हात बघून दाबलं, काही नाही. मग त्याच्या लहान पोराने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू केला. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते पडद्यावर उशिरा आणत होता. पुढच्याच लढाईत चारपैकी तीन वार परतवले. तुमचा गेम टीव्हीवर असेल तर आजच ते सेटिंग बघा.

माझ्या लॅपटॉपवर चालेल का, हा प्रश्न उरतो. ६ जीबीचं ३०५० ग्राफिक्स कार्ड, गेम ५५ जीबीचा. गेमला किमान काय लागतं त्या यादीत जीटीएक्स १०६० हे जुनं कार्ड आहे, म्हणजे काठावर तरी बसतो. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून पहिले ९० मिनिटं फक्त तपासणीला ठेवणार: शहर, पहिलं मैदान, पहिला मोठा शत्रू. अडखळला तर परत करून हेडीस घेणार, कुरकुर न करता. वाचणाऱ्यांपैकी जुनं जीटीएक्स कार्ड असलेल्यांना एक सांगतो: डूम द डार्क एजेस आणि इंडियाना जोन्स हे दोन्ही रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायचं तंत्र) असलेल्या कार्डाशिवाय चालूच होत नाहीत. सेलमध्ये कितीही स्वस्त दिसले तरी आधी पानावर खाली दिलेली, काय लागतं त्याची यादी वाचा.

भाच्याला स्विच २ हवाय. निन्तेन्दोची अधिकृत विक्री आपल्याकडे नाही, बाहेरून आलेलं मशीन बिघडलं तर धावायचं कुणाकडे, म्हणून ताईला मी थांब म्हटलं. त्याऐवजी तिला आणि त्याला स्प्लिट फिक्शन सुचवलाय. दोघांनी मिळूनच खेळायचा गेम, एकाने घेतला की फ्रेंड्स पासवर दुसऱ्याला फुकट. ताई कधीच गेम खेळलेली नाही, आता पहिल्या पातळीवर तो तिला कसं सांभाळून नेतो ते बघायला मी साखळीला जाणार आहे.

जीटीए ६ साठी पैसे साठवू का, असं मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं. आता १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख सांगितली आहे. आधी दोनदा पुढे गेलेला गेम. साठवा, पण आगाऊ भरू नका.

सेल सुरू झाला की त्याच रात्री एक्सपिडिशन उतरवायला लावून झोपणार. इन्व्हर्टरची बॅटरी शनिवारी बदलून घेतली आहे. मडगावकर, योतेईची डिस्क मला ४ जानेवारीपर्यंत राहू दे, दोघे मारेकरी अजून जिवंत आहेत.