तुम्ही विचारलंत म्हणून: शंकांची वही

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

हा प्रश्न मला ठरावीक जागी गाठतो. लग्नाच्या कार्यालयात हात धुवायच्या नळापाशी, नाहीतर आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर, पासबुक भरून झाल्यावर, मागे कुणी उभं नाही ना हे बघून. विचारणारी बाई बहुतेक वेळा माझ्या जुन्या मापाची असते. वजन कमी करायचं ऑपरेशन मी गेल्या श्रावणात करून घेतलं, हे कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीत आता कुणाला सांगावं लागत नाही. आणि विचारणारीला मनातून "छे, अजिबात नाही" असं ऐकायचं असतं, हेही मला कळतं.

पण वाटली. वर्षभर वाटत होती. स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हाही वाटतच होती.

तेव्हा माझं वजन ११२ किलो, उंची पाच फूट दोन इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४५. सहा वर्षांची शुगर, गुडघे गेलेले. २०१६ मध्ये मी १४ किलो उतरवले होते, २०१९ मध्ये १९. दोन्ही वेळा गेलेले किलो व्याजासकट परत आले. पतसंस्थेत काम करते, चक्रवाढ कशी चालते ते मला समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी मला पाच-सात मिनिटं दिली असतील. "स्लीव्ह करून टाकू," म्हणाले. स्लीव्ह म्हणजे पोटाच्या पिशवीचा पाऊण हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, उभा कापून कायमचा काढून टाकायचा आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवायची. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही कमी लागते. मी म्हटलं, "मला छातीत फार जळजळ होते, दोन उश्या घेऊन झोपते." ते म्हणाले, "वजन जास्त असलं की होतेच." बाहेर टेबलावर पॅकेजचा कागद तयार होता, हप्त्यांची सोयही होती. दसऱ्यानंतरची तारीख ठरली.

तारखेच्या चार दिवस आधी रात्री दोन वाजता मी अशीच दोन उश्यांना टेकून बसले होते. एकदम मनात आलं, पन्नास हजारांच्या कर्जाला आम्ही माणसाला जेवढे प्रश्न विचारतो, तेवढेही मला कुणी विचारलेले नाहीत. दोन जामीनदार, सातबारा, पगारपत्रक, घरी कोण कोण. इथं पोट कापायचं होतं, आणि माझी फाईल दीड पानाची होती.

सकाळी फोन करून रद्द केलं. घरी सगळ्यांना वाटलं, घाबरली. मलाही तसंच वाटलं.

त्या आठवड्यात संस्थेची एक जुनी कोरी डायरी घेतली. डाव्या पानावर शंका, उजव्या पानावर उत्तर आणि ते कुणी दिलं त्याचं नाव. पहिल्या पानावर तेव्हा दोनच शब्द होते: "मेले तर?"

दुसऱ्या डॉक्टरांकडे जानेवारीत गेले ते ही डायरी घेऊनच. त्यांनी ती हातात घेऊन पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, मोठ्या, सरावाच्या ठिकाणी या ऑपरेशनात दगावण्याचं प्रमाण हजारी एक ते तीनच्या घरात असतं, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपास. मी विचारलं, हा पुस्तकातला आकडा झाला, तुमचा किती? मला वाटलं चिडतील. त्यांनी चष्मा काढला आणि स्वतःच्या हातून शिवणीतून गळती झालेले चार पेशंट सांगितले. कोण कितव्या दिवशी परत आला, कुणाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, सगळं. चौघंही आज हिंडतफिरत आहेत म्हणाले, पण एकाचे दोन महिने गेले. मला त्या चौघांमुळे त्यांच्यावर विश्वास बसला. आमच्याकडेही जो म्हणतो "माझा एकही हप्ता कधी चुकला नाही", त्याची फाईल आम्ही दोनदा बघतो.

जळजळीचं पान आल्यावर ते थांबले. आधी दुर्बीण घालून बघू म्हणाले. बघितलं तर जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला, अन्ननलिकेला ॲसिडनं सूज. अशा माणसाला स्लीव्ह केली तर जळजळ वाढण्याची शक्यता बरीच. त्यापेक्षा बायपास बरा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलीची पिशवी वेगळी करतात आणि आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, पण अन्न त्या वाटेनं जात नाही. शुगरलाही याचा चांगला उपयोग होतो.

म्हणजे जी शंका मी लाजत लाजत काढली होती, तीच खरी निघाली. दसऱ्यानंतर गेले असते तर वजन उतरलं असतं आणि उश्या बहुधा तीन झाल्या असत्या.

आता एक गोष्ट सांगते, जी नळापाशी उभं राहून सांगता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट? मी हसले. तंबाखू? नाही. आहारतज्ज्ञ बाई सांगलीकडच्या होत्या. त्यांनी खाली मान घालून लिहिता लिहिता सहज विचारलं, "मिश्री लावता का ओ?"

लावत होते. पंचवीस वर्षं. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि रात्री भांडी झाल्यावर मोरीच्या कोपऱ्यात पाच मिनिटं. संस्थेत कुणाला ठाऊक नव्हतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे मला कळत नव्हतं असं नाही, पण "तंबाखू" म्हटलं की डोळ्यांसमोर पानपट्टीवरचा बाप्या येतो, आपण येत नाही. बायपासनंतर निकोटिन कुठल्याही रूपात नको, जोडाच्या जागी अल्सर व्हायचा धोका वाढतो, असं त्यांनी बजावलं. गुडघ्यासाठी घेत होते त्या पेनकिलरही त्याच कारणानं बंद.

मिश्री सोडायला साडेचार महिने गेले. लोकांना मी "विचार चाललाय" सांगत होते. विचार कसला, मी मोरीत बडीशेप चघळत उभी असायची. दोनदा परत सुरू झाली. डायरीत त्या दिवसांत एकच शंका पुन्हा पुन्हा आहे: चिमूटभर मिश्री सुटत नाही, तर जन्मभराचं पथ्य काय डोंबल पाळणार? उजव्या पानावर उत्तर नाही. पुढं तारीख आहे फक्त, ज्या दिवशी डबी पंचगंगेवर नेली नाही, सरळ कचऱ्याच्या गाडीत टाकली त्या दिवसाची.

मध्येच मार्चमध्ये मौंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन आपल्याकडे आलं, जूनमध्ये तसंच वेगोवी. भाच्यानं मोबाइलवर बातमी दाखवली, "काकी, इंजेक्शन आलंय, कशाला कापून घेतीस?" नवी शंका, नवं पान. डॉक्टरांनी ती उडवून लावली नाही. चाचण्यांमध्ये सरासरी वजन वेगोवीनं १५ टक्क्यांच्या आसपास आणि मौंजारोनं २० टक्क्यांच्या आसपास उतरलं, हे त्यांनीच सांगितलं. बायपासनं २५ ते ३० टक्के धरा म्हणाले. इंजेक्शन थांबवलं की वजन बहुतेकांचं परत चढतं, म्हणजे खर्चही चालूच. मी हिशेब मांडला. ऑपरेशनला माझा मेडिक्लेम लागू होत होता. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमानुसार बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ किंवा जास्त आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, असं असेल तर हे ऑपरेशन विम्यातून सरसकट वगळता येत नाही. इंजेक्शनचा खर्च दर महिन्याला माझ्या पर्समधून. पर्सनं निकाल दिला. तुमची पर्स वेगळा देईल.

घरात सगळ्यात मोठी शंका थोरल्या जाऊबाईंची. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तोंड आवरत न्हाई म्हणून प्वाट कापून घेणार व्हय गं?"

याला डॉक्टरांकडे उत्तर होतं. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं, खर्च कमी करतं, जुन्या वजनाकडे ओढ लावतं, हा नुसत्या जिभेचा खेळ नाही. मला ते पटलं होतं. पण जाऊबाईंच्या परातीसमोर ते तोंडातून निघेना, कारण मलाही मनातून तसंच वाटत होतं. आमच्या गावात खाणं ही कर्तबगारी. खानावळीत रश्श्याला माप नसतं, वाटी रिकामी दिसली की वाढपी विचारतसुद्धा नाही. माहेरच्या म्हाईच्या जत्रेला "पुरे" म्हटलं तर यजमानाचा अपमान. तालमीतल्या पोरांच्या खुराकाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. त्या गावात ३० मिली घेऊन जगायचं?

ते ३० मिली एकदा बघितलेच. रविवारी पांढरा रस्सा झाला होता. खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं टोपण धुऊन घेतलं, तीन टोपणं रस्सा आमटीच्या वाटीत ओतला. बोटाच्या पेराएवढाही भरला नाही. वर एक मिरी तरंगत होती. मी ती वाटी कितीतरी वेळ नुसती तिरकी करून बघत बसले. जाऊबाईंनी मागून पाहिलं. पिशवी पुढं थोडी सैलावते, वर्षभरानं छोटी वाटी बसते, असं मी त्यांना सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी ती वाटी उचलली आणि काठोकाठ भरून माझ्यासमोर ठेवली.

दुसऱ्या पारड्यात काय होतं, तेही सांगते. एका रात्री ह्यांनी माझं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, चेष्टेनं. सकाळी चेष्टा केली नाही. मोबाइल नुसता टेबलावर ठेवला. घोरणं, घोरणं, आणि मध्येच काही नाही. पंख्याचा आवाज आणि ह्यांचा दबका आवाज, आकडे मोजतानाचा. सव्वीसपर्यंत मोजले होते. मग मी पाण्यातून वर आल्यासारखी श्वास घेते. त्यानंतर झोपेची तपासणी झाली, रात्री लावायचं मशीन आलं. डायरीच्या पहिल्या पानावर "मेले तर?" लिहिलं होतं. त्याच्याखाली तेव्हा लिहिलं: "नाही केलं तर?"

केस गळतील का, कातडी लोंबेल का, पित्ताचे खडे होतील का? सगळ्यांचं उत्तर "होऊ शकतं". बी-१२, लोह, कॅल्शियम, डी आयुष्यभर. ठीक.

ऑपरेशन श्रावणात, म्हणजे आधीचे दोन आठवडे पथ्याचे, प्रोटीनचं पेय, ताक, सूप. यकृत थोडं आकसावं, म्हणजे दुर्बिणीतून काम करायला जागा होते. बरं, हे दोन आठवडे आले ऐन आखाडात! गल्लीतून त्र्यंबोली देवीला नव्या पाण्याच्या कळश्या निघालेल्या, पी-ढबाक वाजतंय, दर दुसऱ्या दारातून मटणाचा वास, आणि मी ताकाचा पेला घेऊन गॅलरीत. गटारीच्या दिवशी तर रडले. भूक कमी, राग जास्त. त्याच संध्याकाळी जाऊबाई गॅलरीत आल्या. आमच्याकडे बायकाही "मी जातो, मी येतो" म्हणतात, बाहेरच्यांना हसू येतं. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात मी येतो तुझ्यासंगं. पुरुष माणसाला काय कळतंय."

पटलं म्हणून आल्या नाहीत. आजही त्यांना पटलेलं नाही.

संमतीपत्राची पानं मी पूर्ण वाचली. सिस्टर दोनदा येऊन गेली, "मावशी, नुसती सही करायची असते." कर्जाच्या कागदांवर लोकांना आम्हीही हेच सांगतो म्हणा. वाचून झाल्यावर शंकांची डायरी चाळली. एकूण ४१. त्यांतल्या २९ च्या समोर उत्तर होतं. उरलेल्यांना उत्तर मिळायची वाट बघितली असती तर अजून बघत बसले असते. जाऊबाईंच्या पेनानं सही केली, माझं पर्समध्ये सापडेना.

सहा महिने झाले. वजन ८६, शुगरच्या गोळ्या निम्म्या, उश्या एक. केस गळाले, आता बारीक फुटताहेत. एका बारशाला अर्धी जिलेबी खाल्ली आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, आडवं व्हावं लागलं. त्याला डंपिंग म्हणतात, डायरीत १७ व्या नंबरला होतं. जेवताना पाणी प्यायचं नाही, हे मात्र कोल्हापुरी तिखटाला फार जड जातं. एवढी साधी गोष्ट ४१ मध्ये नव्हतीच. मिश्रीची आठवण रात्री भांडी झाल्यावर अजून येते. पुढे दोन-तीन वर्षांनी वजन थोडं परत येतं, काहींचं बरंच येतं. त्या शंकेसमोरचं पान कोरं आहे.

डायरी संस्थेतल्या माझ्या खणात असते. दोघीजणी घेऊन गेल्या, एकीनं ऑपरेशन केलं, एकीनं नाही केलं, दोघींनी परत आणून दिली. एकीनं मागच्या पानांवर तिच्या स्वतःच्या सहा शंका लिहून ठेवल्यात. दुपारी दोननंतर काउंटरला गर्दी नसते, तेव्हा या. येताना पेन आणा.